फेरतपासणीस सादर करावे

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तागडीतली खोट काढत फिरलेल्या माणसाला आपलंही काही वजन आहे, हे कळायला शेवटी परिपत्रक यावं लागलं.

वजनमापे खात्याच्या निरीक्षकसाहेबांनी ते परिपत्रक उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसून वाचलं. फिरतीवर जाणाऱ्या प्रत्येकाचं वजन उंचीला शोभेल इतकं असावं. सहा महिन्यांनी खात्याच्या दवाखान्यात मोजणी होईल. जो मर्यादेबाहेर भरेल, त्याची रवानगी तळघरातल्या अभिलेख कक्षात. साहेबांच्या उंचीला शोभणारं वजन निघालं पंच्याऐंशी किलो. साहेब भरले शहाण्णव. म्हणजे चालू घडीला अकरा किलो साहेब बेकायदेशीर होते.

अभिलेख कक्षाला एक खिडकी होती आणि तिच्यावरही कुणीतरी रंग मारून ठेवला होता. साहेबांच्या आधीचे एक निरीक्षक तिथे गेले तेव्हा भारी गप्पिष्ट होते. वर्षभरात ते फायलींशी बोलू लागले आणि पुढच्या वर्षी तेही थांबलं. साहेबांना मात्र रस्ता लागे. सकाळी पितळी वजनांची पेटी काखेत मारून बाजारपेठेच्या तोंडाशी उभं राहायचं, आणि आपण दिसताच पारड्याखालून घाईघाईने खडा काढणारा हात टिपायचा, यासारखं सुख त्यांना घरीदारी कुठे मिळालं नव्हतं. त्या रस्त्यावर माणसं त्यांना घाबरत आणि तब्येतही विचारत. दोन्ही एकाच ठिकाणी मिळणं आजकाल कठीण.

तेव्हा साहेबांनी आहार सुरू केला. सकाळी एक अंडं नि काकडी, दुपारी उकडलेली भाजी, रात्री सूप. सूप म्हणजे दुपारचीच भाजी, पाण्यात शुद्धीवर आणलेली.

बातमी इमारतभर झाली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर चार जण येतात. आहार करतोय म्हटलं की आठ येतात.

"साहेब, मी सांगतो ते ऐका," इमारतीचे सचिव म्हणाले. "घास बत्तीस वेळा चावायचा. मोजून." सचिवांचं स्वतःचं वजन किती हे कुणाला माहीत नव्हतं, तो विषय ते सभेपुढे येऊ देत नसत.

"जेवणाआधी दोन पेले गरम पाणी प्या हो," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं सहा किलो उतरलं होतं." काका जाऊन चार वर्षं झाली होती. गरम पाण्याने की कशाने, हे विचारायची साहेबांची छाती झाली नाही.

साहेबांची पत्नी शाळेत शिक्षिका. त्यांनी सल्ला दिला नाही. त्यांनी घरात तबकडीचा वजनकाटा आणला आणि न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. रोज सकाळी सहाला साहेब त्यावर चढत. चढण्यापूर्वी चष्मा काढून कपाटावर ठेवत, कारण चष्मा चाळीस ग्रॅम भरतो हे त्यांनी ऑफिसच्या काट्यावर पाहून ठेवलं होतं. चष्म्याशिवाय त्यांना आपली बोटंही धूसर दिसत; तेव्हा आकडा वाचायचं काम बाईंकडे.

"किती गं?"

"पंच्याण्णव."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. तुम्ही पोट आत ओढल्याने काटा हलत नाही."

साडेतीन महिन्यांत आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. साहेबांचा पट्टा दोन भोकं आत गेला, आणि बाजारातल्या किराणावाल्याने "साहेब, बरं नाही का?" असं काळजीने विचारलं. साहेबांनी ते प्रशस्तिपत्रक समजून मनात लावून ठेवलं.

आणि मग त्यांचा जोडीदार निवृत्त झाला.

वीस वर्षं दोघांनी मिळून बाजार पालथा घातला होता. एकाने दुकानदाराला बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने पारडं उचलून खाली बघायचं. निरोपासाठी ऑफिसने तराजूच्या आकाराचा केक आणला. जोडीदाराने सुरी फिरवली आणि उजवं पारडं अख्खं साहेबांच्या बशीत ठेवलं. म्हणाला, "हे तुझं. आयुष्यभर तू हेच उचललंस." आता अशा वेळी 'नको' म्हणणं म्हणजे केकला नव्हे, त्या माणसाला नको म्हणणं. साहेबांनी खाल्लं. डोळे पुसले आणि पुन्हा खाल्लं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते साहेबांच्या धंद्यामुळे. वजनमापे खात्यात काटा एक तर खरा असतो, नाही तर खोटा. सील तुटलं की काटा बाद. मग ते उंदराने तोडलं की दुकानदाराने, याला महत्त्व नाही. केक खाल्ला तो मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. मंगळवारचं सील तुटलं, तेव्हा मंगळवार बाद. बाद दिवशी काकडी खाणं म्हणजे जप्त मालावर शिक्का मारण्यासारखं. म्हणून संध्याकाळी त्यांनी तळलेले बटाटे खाल्ले. बुधवारी सुरुवात करावी, तर आठवडा आधीच फुटलेला. ठरलं सोमवारी. सोमवारी निघाली सुट्टी, आणि सुट्टीला काय कुणी कामाला लागतं? पुढच्या सोमवारपर्यंत महिना संपत आला होता, आणि उसवलेल्या महिन्यात टाका घालण्यापेक्षा नवा महिना बरा. असा चोख विचार करत साहेब तीन आठवडे शिस्तीत खात राहिले. आळशी माणूस इतकं खाऊ शकत नाही. त्याला तत्त्वनिष्ठच लागतो.

बाई बघत होत्या. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, एकदा चढून तरी बघा."

"कशाला? बुडत्याचा पाय खोलात. पाचसहा किलो तरी वाढलं असेल. सोड तो नाद. मी अभिलेख कक्षात जाईन. तिथे शांतता असते."

हे ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज बाईंनी पूर्वी फक्त नापास मुलांच्या तोंडून ऐकला होता.

"उद्या चढा," त्या म्हणाल्या. "उद्याला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चष्मा काढला आणि फासावर चढावं तसे काट्यावर चढले.

"नव्वद," बाईंनी वाचलं.

"नव्वद? फक्त दोनच वाढलं?"

"काटा नव्वद दाखवतोय."

साहेब खाली उतरले ते वेगळेच. दोन किलो म्हणजे काय, हातचा मळ! तो दिवस गुरुवार असूनही त्यांनी काकडी मागितली. पुढचे साडेपाच आठवडे त्यांनी असा काही आहार केला, की सचिवांनी तीच पथ्यं आपण सांगितल्याचं जिन्यात जाहीर केलं. मोजणीला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी बाईंनी वाचलं, "पंच्याऐंशी."

साहेब त्याच दिवशी दवाखान्यात गेले. काम वेळेआधी संपवून सही घ्यायची त्यांची जुनी खोड. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टर आत, सगळा कारभार बाहेर बसलेल्या सिस्टरच्या हाती. डॉक्टर फक्त सही करत, शेरा सिस्टर लिहीत. सरकारी कचेरीत हाच सत्तेचा खरा नकाशा असतो.

"सत्त्याऐंशी," सिस्टर म्हणाल्या.

"पंच्याऐंशी."

"साहेब, काट्यावर सत्त्याऐंशी आहे."

"मग काटा खोटा आहे."

"एवढे लोक रोज चढतात, कुणी काही म्हटलं नाही."

"गिऱ्हाईक कधीच काही म्हणत नाही," साहेब करड्या आवाजात म्हणाले. "म्हणून तर खातं आहे." आणि खिशातलं नोटिसांचं पुस्तक काढून त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं: सदर काटा सदोष असल्याचा संशय असून पंधरा दिवसांत दुरुस्त करून फेरतपासणीस सादर करावा. आधी तपासणी, मग नोटीस, हा क्रम त्यांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच उलटा केला होता. सिस्टरनी नोटीस वाचली, टाचणी शोधली, आणि ती काट्याच्या वर भिंतीला लावली. रागावलेली माणसं परवडतात. टाचणी शोधणारी नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसची प्रमाणित वजनं घेऊन आले. वीस वीस किलोंची, ओतीव लोखंडाची, चार. लिफ्ट बंद होती. शिपायाने आपला मनगटाचा जुना त्रास सविस्तर सांगितला. तेव्हा साहेबांनी स्वतःच, एकेक करत, चार खेपांत ती तीन मजले चढवली. चौथ्या खेपेला सिस्टरनी पाण्याचा पेला पुढे केला. "हे रोज केलं असतं," त्या म्हणाल्या, "तर नोटिशीची वेळ आली नसती."

चार वजनं काट्यावर ठेवली. काट्याने दाखवलं, ऐंशी. काढून पुन्हा ठेवली. ऐंशी. कोपऱ्यावर ठेवली, मधोमध ठेवली. ऐंशी म्हणजे ऐंशी. केसाचाही फरक नाही.

साहेबांनी चारही वजनं एकेक करत खाली उतरवली. मग त्यांनी नियमाप्रमाणे प्रमाणपत्र लिहून दिलं: काटा अचूक, अनुज्ञेय चूक दोनशे ग्रॅम. कुठलाच काटा तंतोतंत नसतो, म्हणून कायदाच प्रत्येक काट्याला थोडी चुकायची मुभा देतो. ती आकड्यात लिहावी लागते. सिस्टरनी तेही नोटिशीच्या शेजारी लावलं. नोटीस काढली नाही.

आता राहिला घरचा काटा. साहेबांनी ती ऐंशी किलो टॅक्सीत घातली. फाटकाशी सचिव उभे होतेच.

"वा साहेब! आता वजनं उचलायला लागलात?"

"पंच हवेत दोन," साहेब म्हणाले. "वर या. काकूंनाही हाक मारा."

घरच्या काट्यावर चार वजनं चढली. साहेबांनी चष्मा घातला, वाकून पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. वजनं उतरवली. रिकाम्या काट्याचा काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या मागे, दोन किलोंवर, गरिबासारखा उभा होता. कुठल्याही दुकानात पाय ठेवताच जे आधी बघायचं, ते त्यांनी घरी साडेपाच आठवड्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. चाळीस ग्रॅम वाचवायला गेले आणि दोन किलोंना बुडाले.

बाई बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसल्या होत्या. साहेबांनी टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर पंचनाम्याचा कागद पसरला आणि लेखणी सचिवांच्या हाती दिली.

"लिहा. काट्याच्या शून्याशी छेडछाड आढळली. दोन किलो कमी दाखवतो. छेडछाड कोणी केली..."

"मी," वहीवरून मान न उचलता बाई म्हणाल्या.

सचिवांची लेखणी अडली. "मी म्हणजे... वहिनी, पूर्ण नाव घालावं लागेल का साहेब?"

"अगं, तू?" साहेबांना घरची माणसं आरोपी म्हणून बघायची सवय नव्हती. "तू रोज मला खोटं वजन सांगितलंस?"

"अजिबात नाही. मी कधी खोटं बोलत नाही. काट्यावर जे दिसत होतं तेच वाचलं. म्हणून तर तळाचं, शून्याचं चाक फिरवावं लागलं."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून नीट बसल्या.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही ब्याण्णव भरला असतात. ब्याण्णव ऐकून तुम्ही काय केलं असतंत, सांगा ना. थेट तळघरात जाऊन बसला असतात. वर्गात एखादा पोरगा दोन गुणांनी जातो ना, त्याला मी ते दोन देते. सत्तावीस वर्षं देतेय. हुशार म्हणून नव्हे. नापास झाला तर तो उद्यापासून शाळेतच येत नाही, म्हणून. आणि आला नाही, तर मी शिकवू कुणाला?"

"गुन्हा आहे हा," साहेब म्हणाले. "दंड आहे याला."

"मग करा. पण त्या दोन किलोंच्या जोरावर तुम्ही पाच उतरवलेत. ते पाच खरे आहेत की खोटे, तेही त्या कागदावर लिहा."

सचिवांनी साहेबांकडे पाहिलं, काकूंनी सचिवांकडे. कागदावर 'छेडछाड कोणी केली' याच्या पुढे काही लिहिलं गेलं नाही. पंचांना चहा दिला गेला आणि त्यासोबत बिस्किटं आली. साहेबांनी एक उचललं, दुसरं उचललं, आणि पुडा संपेपर्यंत पंच घरी गेले होते.

"झालं," साहेब म्हणाले. "तुटलं सील. पंधरा दिवसांत आता काय होणार? सोमवारपासून बघू."

बाई काही बोलल्या नाहीत. शिक्षिकेचं न बोलणं पालकांच्या सभेत चालत नाही, पण घरी फार चालतं.

सोमवार यायच्या आधी शनिवार आला आणि शनिवारी मिस्त्री आले. तपासणाऱ्याने दुरुस्त करायचं नाही हा खात्याचा नियम, म्हणून घरच्या काट्यालाही परवानाधारक मिस्त्रीच बोलवावे लागले. वयाने साहेबांपेक्षा वडील. बाजारातले निम्मे काटे त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी काटा उलटा केला, तळाचं चाक पाहिलं आणि हसले.

"हे काय साहेब, नुसतं चाक फिरवलंय. एका बोटाचं काम."

"माझ्या हातून होणार नाही. नियम आहे."

मिस्त्रींनी चाक फिरवलं. मग सवयीने काटा उघडून आतली स्प्रिंगही पुसायला घेतली. साहेब जवळ बसले होते. बोलायचं नव्हतं, पण बोलले. केक, मंगळवार, बाद झालेला महिना, दोन किलो, बिस्किटांचा पुडा. मिस्त्री पुसत ऐकत होते.

"एक विचारू? रागवू नका," ते शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही नोटीस लिहून माझ्याकडे काटे धाडताय. त्यातला एक तरी मी भंगारात टाकला का?"

"नाही."

"सगळे परत दुकानात गेले. तुम्हीच शिक्का मारलात. पुढच्या वर्षी त्यातले निम्मे पुन्हा चुकले, पुन्हा माझ्याकडे आले. वापरातला काटा चुकणारच हो. मुळीच न चुकणारा काटा एकच, जो खोक्यातून काढलेला नाही." त्यांनी स्प्रिंग उजेडात धरली. "आणि काटा शनिवारी आला, तर मी शनिवारीच उघडतो. सोमवारची वाट बघितली, तर तो आणखी गंजतो."

"मी काय काटा आहे?" साहेब म्हणाले.

"छे. काट्याला तुम्ही पंधरा दिवस तरी देता."

मिस्त्री गेल्यावर साहेब थोडा वेळ तसेच बसले. दुकानदारांना ते कठोर वाटत, पण त्यांच्या कठोरपणातही सवलत होती. पहिल्या चुकीला समज, दुसरीला नोटीस, मग मुदत, आणि प्रत्येक काट्याला कायद्याने ठरलेली मुभा. हे सगळं त्यांनी हजारो अनोळखी माणसांना न मागता दिलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र पहिल्या बिस्किटालाच दुकान सील केलं होतं. उठून ते स्वयंपाकघरात गेले आणि काकडी कापायला घेतली. शनिवारी, दुपारी सव्वाचारला. अशी आडवेळी केलेली सुरुवात त्यांच्या घराण्यात यापूर्वी झाली नसावी.

पुढचे दिवस काही निर्मळ गेले नाहीत. पुढच्या गुरुवारी जोडीदार भेटायला आला आणि दोघांनी मिळून आईस्क्रीम खाल्लं. शुक्रवारी सकाळी साहेबांनी अंडं उकडलं. एवढंच. वाचायला हे किरकोळ वाटेल, पण गुरुवारनंतर शुक्रवार येतो हा शोध काही माणसांना पन्नाशी उलटल्यावरच लागतो. चष्मा आता ते काढत नसत. चढण्याआधी शून्य बघत, मग चढत, आणि आकडा स्वतःच वाचत. बाई न्हाणीघराच्या दाराशी तरीही येऊन उभ्या राहत. सवय, दुसरं काय.

मोजणीच्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीवर नोटीस आणि प्रमाणपत्र शेजारी शेजारी फडफडत होती. साहेब बूट काढून काट्यावर उभे राहिले. सिस्टर वाकल्या.

"पंच्याऐंशी... आणि शंभर ग्रॅम."

बाहेर बाकावर मोजणीला आलेली रांग गप्प झाली, कारण रांगेला असल्या गोष्टी लगेच ऐकू येतात.

सिस्टरनी भिंतीकडे बोट केलं. "तुमच्याच सहीचं आहे, साहेब. अनुज्ञेय चूक दोनशे ग्रॅम. शंभर त्यात बसतात. लिहू पंच्याऐंशी? लिहितेच."

साहेबांच्या डोळ्यांपुढून रंग मारलेली खिडकी गेली. बाजाराचं तोंड गेलं, पितळी पेटी गेली. तळव्यांखाली काटा गार लागत होता. 'लिहा' एवढंच म्हणायचं होतं.

"ती मुभा काट्याची आहे, सिस्टर," ते म्हणाले. "त्याच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची नाही. मी हा काटा तपासलाय, तो खरं सांगतो. शंभर ग्रॅम लिहा."

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शंभर ग्रॅम लिहिले. नमुन्यात पुढे दोनच रकाने होते: पात्र आणि अपात्र. त्यांनी पेन पात्रवर नेलं, अपात्रवर नेलं, आणि मग दोन्ही सोडून समासात, सावकाश, भिंतीवरच्या नोटिशीकडे बघत बघत लिहिलं. डॉक्टरांनी आतून न वाचता सही केली.

साहेबांनी कागद घेतला आणि दारात उभं राहून वाचला. 'पंधरा दिवसांत दुरुस्त करून फेरतपासणीस सादर करावे.' हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारो वेळा लिहिलं होतं. आपल्याविषयी वाचताना ते इतकं मऊ लागेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

ऑफिसात त्या शेऱ्याने पेच पडला. समासासाठी नियम नव्हता. कारकुनाने फाईल मार्गदर्शनासाठी वर पाठवली, आणि मार्गदर्शन येईपर्यंत साहेबांना आहे तिथेच, फिरतीवर, ठेवण्यात आलं. वरून मार्गदर्शन पंधरा दिवसांत आल्याचं उदाहरण कुणालाच आठवत नव्हतं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. लाल पेन हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "काय झालं? पास की नापास?"

साहेबांनी पितळी पेटी नेहमीच्या जागी ठेवली.

"दुरुस्तीला पाठवलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे," साहेब काकडी शोधत म्हणाले, "जप्त नाही केलं."